आजोबा घरी राहायला आले तेव्हा

कणकवली,
रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचं वर्षश्राद्ध परवा नीट पार पडलं. मामाने सगळं व्यवस्थित केलं, मावशी दोन दिवस आधीच येऊन राहिली होती, वाडीतली माणसं जेवून गेली. तुला रजा मिळाली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "आई, आजोबा मुंबईत नक्की काय करायचे? आणि मग सोडून का आले?" घर माणसांनी भरलेलं होतं, मला दोन वाक्यांच्या वर काही बोलता आलं नाही. तुला आठवणारे आजोबा म्हणजे कातळाच्या सड्यावरच्या बागेतले, माळ्यावर आढी लावणारे, हातात आंबे उतरवायचा झेला घेतलेले. त्यांच्या आयुष्याचा पहिला अर्धा भाग तू पाहिला नाहीस. खरं सांगायचं तर मीही तो लांबूनच पाहिला. पण जेवढा मला माहीत आहे तेवढा तुला कळायला हवा.

त्यांचा जन्म 1938 चा. वडील लवकर गेले, पाठीवर दोन बहिणी, जमीन म्हणाल तर थोडी भातशेती आणि बाकी सगळा कातळ. अठराव्या वर्षी ते देवगड बंदरातून बोटीने मुंबईला गेले. तेव्हा आपल्या पट्ट्यातली माणसं बोटीनेच जायची. पावसाळ्यात बोट बंद, मग घाट चढून कोल्हापूरमार्गे जायचं. लालबागला गावकरी मंडळाची खोली होती. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीवरून आलेला त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. सुरुवातीची काही वर्षं आजोबा बदली कामगार होते. रोज कापडगिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. कोणी खाडा केला असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. त्या कमाईत त्यांनी दोन्ही बहिणींची लग्नं लावून दिली. मग कायम झाले, तेही साळखात्यात, साच्यांवर, म्हणजे मागांवर.

साळखाता म्हणजे जिथे कापड विणतात तो विभाग. एका छपराखाली शेकडो साचे एकाच वेळी चालतात. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठांच्या हालचालीवर नाहीतर हाताच्या खुणेवर. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जातोय तोवर ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला, तर तो नजरेने टिपायचा, साचा थांबवायचा, दोन बोटांत धागा धरून सांधायचा आणि पुन्हा सुरू करायचा. दिवसभर हेच. साचा थांबला की कापड कमी, आणि कापड कमी की मजुरी कमी.

त्यात त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. लहानपणी तू घाबरायचास ना, की आजोबा तुझ्याकडे टक लावून बघतात? ते तुझे ओठ बघायचे. "तोंड दिसला काय माका ऐकाक येता," असं ते म्हणायचे. म्हणून आजी त्यांच्याशी बोलायला चुलीपासून उठून समोर यायची, आणि म्हणूनच आपल्या घरात पाठमोरं बोलायची कोणाला सवय नाही.

माझ्या लहानपणी बाबा म्हणजे महिन्याची मनीऑर्डर. त्या फॉर्मवर खाली मजकुरापुरती थोडी जागा असायची, तेवढ्यात ते सगळं बसवायचे. "सोसायटीचा हप्ता भरणे. गाय व्याली का कळवणे. मुलींना खोकला आहे तर अंगणात झोपवू नये." पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तो मजकूर आईला वाचून दाखवायचा. मी वाचायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आईने ती सगळी कुपनं तारेत ओवून ठेवली होती. आजही ती तार देवघराच्या मागच्या खुंटीला आहे, गावी गेलास की बघ. अक्षर बारीक, एकही ओळ तिरकी नाही.

गणपतीला आणि मे महिन्यात ते यायचे. येताना गिरणीत सवलतीत मिळणारं कापड आणायचे. आम्हा बहिणींचे फ्रॉक, मामाचा सदरा, उशांचे अभ्रे, सगळं एकाच छिटाचं. आठ-दहा दिवस घरात माणसं, भजन, मोदक, आणि मग एका सकाळी अंगणात ट्रंक बांधलेली दिसायची. आम्ही त्यांच्याशी फार बोलायचो नाही. त्यांच्या पानात पहिली वाढ व्हायची, ते झोपले की आम्हाला गप्प बसवलं जायचं, आलेल्या पाहुण्याचं करावं तसं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पुस्तकात तू हे वाचलं असशील. खोलीवर बसून खाण्यापेक्षा गावी जा, असं एकमेकांना सांगत माणसं एसटी भरून कोकणात उतरली. बाबा शिमग्याला आले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असंच सगळ्यांना वाटत होतं. ट्रंक त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती, वरचे दोन कपडे काढून घालायचे. पावसाळा आला, गेला. ते मध्ये मुंबईला जाऊन गेटवर बघून आले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि बहुतेकांना काम परत मिळालं नाही. बाबा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. मी नऊ.

काही लोक म्हणतात, बरं झालं, त्या निमित्ताने माणूस घरी आला. असं कोणी म्हणालं की मला राग येतो. बरं काहीच झालं नव्हतं. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या पुन्हा तिच्या हातात आल्या नाहीत. आम्ही नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढलेत. खाडीत गरवून आणलेली शेंगटी मिळाली तर त्या दिवशी कालवण. बाबांबरोबर राहिलेले दोघे-तिघे दारूने गेले. ज्या माणसाने आपलं अर्धं आयुष्य एका कामात घातलं, त्याच्याकडून ते काम काढून घेतलं गेलं, यात चांगलं असं काही नाही. चांगलं जे झालं ते बाबांनी केलं म्हणून झालं, आणि मला तुला तेवढंच सांगायचं आहे.

त्यांच्या मनात माया होती यात शंकाच नाही. पण घरात राहणं त्यांना शिकावं लागलं. बायको कशी आहे, कोणती मुलगी मुकाट असते, मुलगा कशाला घाबरतो, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत ते सलग पंधरा दिवस घरी राहिले नव्हते. ते सगळं त्यांनी एखादं नवीन काम शिकावं तसं, नीट बघून, विचारून, हात घालून शिकून घेतलं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की घरचा कारभार आईकडून काढून घेतला नाही. वाडीतले इतर चाकरमानी परत आल्यावर घरोघरी यावरूनच भांडणं लागली. एवढी वर्षं बायकांनी शेत, गुरं, देणी-घेणी, सणवार सगळं एकटीने ओढलेलं, आणि आता नवरा आल्यावर त्याने हिशेब विचारायचा. बाबा चिऱ्याच्या खाणीवर रोजाने जायला लागले. साच्यावर काम केलेल्या हातांना पहार आणि कुदळ. संध्याकाळी तळहात सुजलेले असायचे. आलेली मजुरी ते आईच्या हातात द्यायचे आणि विडीपुरते पैसे मागून घ्यायचे. मग एक दिवस विडीच सोडून दिली.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. लावणीचे दिवस होते. आई पहाटेच शेतावर, ताई तिच्याबरोबर. मला शाळेत जायचं होतं आणि माझी वेणी मला घालता येत नव्हती. मी फणी घेऊन ओट्यावर बसले होते, रडकुंडीला आलेली. बाबा पडवीत नांगराची दोरी वळत होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हंय बस. मी येणी घालतंय." मला फार लाज वाटली. वाडीत कुठल्याही बापाने मुलीची वेणी घातलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी खोबरेल तेल लावलं, भांग पाडला, केसांचे तीन पदर केले आणि प्रत्येक पेड बोटांत ताणून धरत वेणी घालायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. मध्ये एकदा थांबले, सुटलेली एक बट उचलली आणि आत अशी घेतली की मला कळलंसुद्धा नाही. दोन वेण्या, दोन्ही एका उंचीवर सुरू, दोन्ही एका उंचीवर संपलेल्या, खाली लाल रिबीन. शाळेत खोखो खेळून, पावसात भिजून घरी आले तरी त्या तशाच्या तशा. आईने संध्याकाळी बघितलं, काही म्हणाली नाही, पण दुसऱ्या दिवशी जाताना तिने फणी बाबांच्या उशाशी ठेवली. लावणी संपली, भात पोटरीला आलं, तरी माझी वेणी तेच घालत राहिले. सातवीत मी स्वतः घालायला शिकले तेव्हा मला त्यांना ते सांगवेना.

ते शाळेत गेले आणि गुरुजींना विचारून आले, मी कितवीत आहे आणि मला काय येतं. ताईला दम्याचा त्रास होता, तिच्यासाठी रात्री उठून पाणी तापवायचं त्यांनी आपल्याकडे घेतलं. आई एकदा तापाने पडली तर चार दिवस स्वयंपाक त्यांनी केला. खोलीवर खानावळ बंद असली की आळीपाळीने रांधत असत, त्यामुळे त्यांना पेज, पिठी, बांगड्याचं तिखलं सगळं यायचं. शेजारच्या काकी खिडकीतून बघून गेल्या आणि गावभर झालं. बाबांना ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी तवा खाली ठेवला नसता.

आता कलमांचं. तुला वाटतं आजोबा जन्मापासून बागायतदार. तसं नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून शिकून आलेल्या एका बागायतदाराकडे ते पावसाळ्यात मजुरीला जायचे, तिथे त्यांनी कोय कलम बघितलं. रायवळ आंब्याच्या कोयी पावसाच्या तोंडावर रुजत घालायच्या. कोंब वर येतो, पानं अजून तांबूस असतात, तेवढ्या दिवसांतच काम उरकायचं, दांडा जून झाला की कलम लागत नाही. शेंडा ब्लेडने उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या झाडावरची जून काडी घ्यायची, तिचा डोळा फुगलेला हवा पण फुटलेला नको, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवायची. साल सालीला लागली पाहिजे. मग प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची आणि गाठ मारायची. सगळी करामत त्या गुंडाळण्यात असते. सैल राहिली तर पाणी शिरून कुजतं, जास्त आवळली तर दांडा चेंगरतो. पहिल्याच वर्षी बाबांनी बांधलेली कलमं इतकी लागली की मालकाने स्वतः पुढच्या वर्षीसाठी निरोप धाडला. तुटलेला धागा चालत्या साच्यावर सांधणाऱ्या बोटांना ती गाठ जड नव्हती.

मजुरीत त्यांनी पैशाऐवजी काही कलमं मागून घेतली आणि ती आपल्या सड्यावर लावली. सडा तू बघतोस तो आता हिरवा आहे. तेव्हा तिथे पावसाळ्यात चार महिने गवत आणि उरलेले आठ महिने काळा तापलेला कातळ. एका कलमासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा. पहार घालून घालून ते कातळ फोडायचे, जिथे अजिबात जमलं नाही तिथे सुरुंगवाल्याला बोलावलं. माती खालून, व्हाळाच्या काठावरून, पाटीने वर न्यायची. ती आम्ही मुलांनीही नेली आहे. उन्हाळ्यात पाणी विहिरीवरून कावडीने. प्रत्येक कलमाच्या बुडाशी मडकं पुरलेलं, मडक्याला बारीक भोक आणि त्यात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंब थेंब मुळाशी जाईल. ती मडकी भरणं हे त्यांचं रोजचं काम, खाणीवर जायच्या आधी. 1990 साली सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तेव्हा पंचक्रोशीत अनेकांनी खड्डे मारले. आमची पहिली कलमं तोवर फळाला आली होती, आणि बाबा लोकांना बांधावर उभे राहून सांगत होते की खड्डा कुठे घ्या आणि कुठे घेऊ नका.

त्या आंब्याच्या पहिल्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या आलेल्या पैशातून, माझी बारावीची फी भरली गेली. मी आठवीला गेले तेव्हाच घरात विषय निघाला होता, हायस्कूल लांब, सड्यावरून एकट्या मुलीने कसं जायचं. चुलत आजोबांनी तर स्थळसुद्धा आणलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "चेडू शिकतला." आणि पुढे तीन वर्षं, पावसाळ्यात धुक्यात समोरचं दिसत नसताना, ते मला अर्ध्या सड्यापर्यंत सोडायला यायचे. तिथून दुसऱ्या वाडीच्या मुली भेटायच्या. मी डी.एड. झाले, शाळेवर लागले, त्या दिवशी त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं, घडी घातली आणि त्याच कुपनांच्या तारेत ओवलं. मला पुढे ते कार्यालयात दाखवायला काढावं लागलं, म्हणून त्याला मधोमध भोक आहे.

बाकीचं तू पाहिलं आहेस. तिसऱ्या पाळीची सवय त्यांची कधी गेली नाही. रात्री दोनला उठायचे आणि हंगामात कंदील, नंतर बॅटरी घेऊन बागेत फेरी मारून यायचे. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, झाल्याशिवाय झेला लावायचे नाहीत. वाशीच्या बाजारातला दर चढलेला असला आणि मामा घाई करत असला तरी नाही. मुंबईच्या घरासाठी गिरणी कामगारांचे अर्ज निघाले तेव्हा मामाने त्यांचाही भरला, सोडतीत नंबर लागला नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला मात्र ते लागलं, अजून लागतं.

आणि मे 2021. तौक्ते वादळाच्या वेळी तू टाळेबंदीमुळे गावीच होतास, त्यामुळे वेगळं सांगायला नको. पण तू तेव्हा वीस वर्षांचा होतास आणि मोबाइलला रेंज नाही म्हणून हैराण झाला होतास, म्हणून कदाचित हे लक्षात आलं नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर गेलो तेव्हा जमिनीवर आंब्यांचा सडा आणि त्यांनी सगळ्यात आधी लावलेल्या कलमांतली निम्मी आडवी. मामा तिथेच खाली बसला. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे. ते एकेका झाडाच्या बुडाशी वाकून हाताने माती बाजूला करून बघत होते. "पडला ता पडला. मूळ धरून असा ता आधी बघूया." ज्यांची मुळं एका अंगाने शाबूत होती ती त्यांनी खुणेने दाखवली. फांद्या छाटून भार कमी केला, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली, दोर लावून माणसांनी झाड उभं केलं, टेकू दिले, मुळांवर माती ओढली. तुला त्यांनी दोराची गाठ मारायला बसवलं होतं, आणि तू मारलेली गाठ सोडून पुन्हा मारायला लावली होती. तू चिडला होतास. त्या झाडांपैकी बरीच जगली. विहिरीच्या वरच्या अंगाला तिरकं उभं आहे ते तू बांधलेलं. यंदा त्याला मोहोर चांगला होता.

शेवटची दोन वर्षं त्यांना सड्यावर चढवत नव्हतं. पडवीत बसून ते कलमांच्या पट्ट्या कापून द्यायचे, एका मापाच्या. मामा म्हणतो अजून दोन हंगाम पुरतील एवढ्या आहेत.

तुला एक काम सांगते. आजीला आता एकटं वाटतं. ती बोलून दाखवणार नाही. तू तिला नुसता फोन करतोस तेव्हा ती आवाज चढवून दोन शब्द बोलते आणि ठेवून देते. तुला वाटतं ती रागावली आहे. तसं नाही रे, तिला अख्खं आयुष्य समोर तोंड बघून मोठ्याने बोलायची सवय लागली आहे. संध्याकाळी सातनंतर मामाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल कर, म्हणजे ती तासभर बोलेल. मुंबईच्या दिवसांचं तिलाच विचार, माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. आणि जूनमध्ये चार दिवसांची रजा निघत असेल तर लवकर कळव. कोयी रुजत घालायच्या आधी मामाला माणसं ठरवावी लागतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस. मावशीने कोकमं पाठवली आहेत, कोणी तिकडे येणार असेल त्याच्याबरोबर देते.

तुझी,
आई